सही घेण्याआधी कागद वाचता येईल असा करा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

माझी आत्या वाशीला राहते. वय ७८. सिडकोच्या जुन्या वसाहतीतली इमारत, दुसऱ्या मजल्यावर घर. अडतीस वर्षं तिने प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं. अजूनही पेपर वाचताना चुकलेली वेलांटी दिसली की तिचा हात पेन्सिलीकडे जातो.

गेल्या पावसाळ्यात तिच्या संस्थेने पुनर्विकासाचं अकरा पानी माहितीपत्रक घरोघर वाटलं. सोबत एक पानाचं संमतीपत्र, सात दिवसांत सही करून द्यायचं. आत्याने ती अकरा पानं दोनदा वाचली. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसली. सातव्या दिवशी संमतीपत्रं गोळा करणारा माणूस दारात उभा राहिला तेव्हा तिने सही करून दिली, दार लावलं आणि मला फोन केला. म्हणाली, "अगं, मी कशावर सही केली ते जरा तू वाचून सांग."

मी दुसऱ्या दिवशी ट्रान्स-हार्बर लोकलने वाशी गाठली. तिसऱ्या पानावर वाक्य होतं, "सभासदांना सध्याच्या चटईक्षेत्रावर ३० टक्के वाढीव क्षेत्र देण्यात येईल." सातव्या पानावर त्याचं "रेरा चटईक्षेत्र" झालं होतं. शेवटच्या तक्त्यात रकान्याचं नाव होतं "बिल्टअप", म्हणजे भिंतींसकटचं क्षेत्र. मध्येच एका परिच्छेदात "चटईक्षेत्र निर्देशांक" आला होता. तो म्हणजे एफएसआय. भूखंडावर एकूण किती बांधता येईल याचं ते प्रमाण, आत्याच्या घराचं माप नव्हे. पण चटईक्षेत्र हा शब्द दोन्हीकडे, त्यामुळे आत्या तिथेच अडली होती. समासात तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "हे तेच का?"

आत्याचं घर आतून ४५० चौरस फूट आहे आणि ४० चौरस फुटांची गॅलरी आहे. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेट एरियात, म्हणजे चटईक्षेत्रात, घराच्या आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि त्या घराची बाल्कनी धरत नाहीत. मग माहितीपत्रकातलं "सध्याचं चटईक्षेत्र" गॅलरी धरून की सोडून? सोडून असेल तर ४५० वर ३० टक्के, म्हणजे ५८५. धरून असेल तर ४९० वर ३० टक्के, म्हणजे ६३७. फरक ५२ चौरस फुटांचा. साडेसहा फूट बाय आठ फूट. आत्याचं आत्ताचं स्वयंपाकघर बरोबर एवढंच आहे, मी टेप लावून मोजलं.

अकरा पानांत याचं उत्तर कुठेही नव्हतं.

मी सचिवांना जाऊन भेटले. भला माणूस. दिवसभर नोकरी, रात्री आठला घरी, त्यानंतर संस्थेच्या फायली, आणि हे सगळं मानद. ते म्हणाले, "ताई, सल्लागारांकडून जसं आलं तसं आम्ही वाटलं." समितीतल्या पाच जणांना मी गॅलरीचं विचारलं, तर तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली. कुणी कुणाला फसवत नव्हतं. ज्यांनी कागद वाटला त्यांनाही तो कळलेला नव्हता, इतकंच. आणि तोवर चाळीसच्या वर सह्या झालेल्या होत्या.

हे पत्र मी तुम्हाला लिहिते आहे त्याचं कारण हे आहे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम १३ मध्ये संमतीची व्याख्या एका ओळीची आहे: दोन किंवा अधिक व्यक्ती एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतात तेव्हा ती संमती. एकाच अर्थाने. आत्याच्या मनात ६३७ होतं, शेजारच्या काकांच्या मनात ५८५, आणि सल्लागाराच्या मनात काय होतं ते कागदावर उतरलेलंच नव्हतं. कपाटात ठेवलेल्या त्या चाळीस सह्यांना काय म्हणायचं?

मी नौपाड्यात राहते. मुद्रितशोधन आणि संपादन हे माझं पोटापाण्याचं काम आहे, गेली सव्वीस वर्षं. सुरुवात पुस्तकांपासून झाली. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात, १८९३ पासून चालत आलेल्या त्या संस्थेत, कॉलेजच्या दिवसांत मी तासन् तास वाचत बसायचे आणि छापलेल्या पानातली चूक दिसली की अस्वस्थ व्हायचे. अलीकडच्या काही वर्षांत पुस्तकांपेक्षा कागदपत्रंच जास्त येतात: पतपेढ्यांचे अहवाल, दवाखान्यांची माहितीपत्रकं, आणि सर्वांत जास्त गृहनिर्माण संस्थांचं लेखन. नोटिसा, इतिवृत्तं, परिपत्रकं, पुनर्विकासाचे मसुदे. त्यामुळे हे मी माझ्या धंद्याच्या बाजूने लिहिते आहे असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. म्हणून आधीच सांगते, पुढे जे लिहिलंय त्यातलं बरंचसं तुम्ही कुणालाही पैसे न देता करू शकता.

पहिला गैरसमज शुद्धलेखनाचा. "जरा शुद्धलेखन बघून द्या" असं म्हणत लोक कागद पाठवतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ चे, चौदा. १९७२ मध्ये त्यात चार वाढले, एकूण अठरा झाले. मी ते रोज वापरते आणि मला त्यांचं मोल ठाऊक आहे. पण अठराच्या अठरा नियम पाळून लिहिलेली नोटीस पूर्णपणे अगम्य असू शकते. माझ्यासमोर या घडीला असाच एक कागद आहे, ठाण्यातल्याच एका संस्थेचा. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही:

"उपरोक्त विषयास अनुसरून सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सदर इमारतीच्या दुरुस्तीचे काम लवकरच सुरू करण्यात येणार असून त्यासाठी आवश्यक तो निधी सभासदांकडून जमा करण्यात येणार असल्याने ज्या सभासदांनी अद्याप आपला हिस्सा भरलेला नाही त्यांनी तो त्वरित भरावा, अन्यथा नियमानुसार कारवाई करण्यात येईल याची नोंद घ्यावी."

एकच वाक्य. दुरुस्ती कसली? लवकरच म्हणजे कधी? हिस्सा किती? भरायचा कुठे, कोणत्या तारखेपर्यंत? कारवाई कोण करणार, काय करणार? "करण्यात येणार" दोनदा, "करण्यात येईल" एकदा, करणारा एकदाही नाही. आणि गंमत म्हणून नाही, खरंच सांगते, लिहिणाऱ्याला या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माहीत होती. मी फोन केला, दोन मिनिटांत त्यांनी सगळं सांगितलं. मग नोटीस अशी झाली:

"बी विंगच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग ५ मे रोजी सुरू होईल. काम तीन आठवडे चालेल. खर्चासाठी प्रत्येक सदनिकेने १२,००० रुपये ३० एप्रिलपर्यंत संस्थेच्या खात्यात भरावेत. ३० एप्रिलला भरलेले पैसे वेळेत धरले जातील. ज्यांना दोन हप्त्यांत भरायचे आहेत त्यांनी २० एप्रिलपर्यंत खजिनदारांना लेखी कळवावं. उशीर झाल्यास सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या दराने व्याज लागेल."

यात मी माहिती घातलेली नाही. ती त्यांच्या डोक्यात होती, मी ती कागदावर यायला लावली. संपादनाचं बरंचसं काम हेच आहे. दोन हप्त्यांची सोय तर समितीने ठरावात मान्य केलेली होती, नोटिशीत लिहायची राहून गेली होती. ज्यांना एकदम बारा हजार जड जातात त्या घरांसाठी संपूर्ण कागदात तेवढी एकच ओळ महत्त्वाची होती.

आता त्याहून धोक्याची गोष्ट. काही वाक्यं वाचायला सोपी असतात आणि तरी त्यांचे दोन अर्थ निघतात. "सर्व सभासदांनी संमती न दिल्यास ठराव रद्द समजण्यात येईल." हे वाक्य मी वेगवेगळ्या संस्थांच्या कागदांत निदान सहा-सात वेळा पाहिलंय. सगळ्यांनीच नकार दिला तर रद्द, की एकाने जरी नकार दिला तरी रद्द? मराठीत "सर्व" आणि "न" एका वाक्यात आले की हा घोळ होतोच. लिहिणाऱ्याला एकच अर्थ दिसतो, कारण तो त्याच्या मनात आधीपासून असतो. "१५ दिवसांत हरकत घ्यावी" हेही तसंच: नोटिशीवरच्या तारखेपासून, ती बोर्डावर लागल्यापासून, की सभासदाच्या हातात पडल्यापासून? तिथे फक्त तारीख लिहा. "१८ जूनपर्यंत, १८ जून धरून." वाद संपतो.

शब्दांचं तर विचारू नका. एकाच मसुद्यात सदनिका, गाळा, फ्लॅट, युनिट आणि जागा. लिहिणाऱ्याला वाटतं तोच तोच शब्द आला तर वाईट दिसतं, शाळेत निबंधाच्या तासाला तसं शिकवलेलं असतं. निबंधात ते चालतं. करारात शब्द बदलला की वाचणारा विचारतो, वस्तूही बदलली का? एका वस्तूला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच नाव हवं. आणि ते नाव लोकांच्या तोंडात असलेलं हवं. मी मराठीवर जगते, मराठीवर माझं प्रेम आहे, आणि तरीही सांगते: "मानीव अभिहस्तांतरण" हा शब्द एकदा, सरकारी कागदाशी जुळावा म्हणून लिहा, आणि त्यानंतर सगळीकडे डीम्ड कन्व्हेयन्सच लिहा. नौपाडा, चरई, कोपरीतल्या जुन्या इमारतींतले आजी-आजोबा त्याला तेच म्हणतात. शिवाय त्याचा अर्थ एका ओळीत द्या: बिल्डरने जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर करून दिली नाही, तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून ती करून घेणं. एवढं वाचल्यावर मग कुणाला तो शब्द परका वाटत नाही.

अलीकडे एक नवीन संकट आलंय. विकासकाचा किंवा वकिलांचा मसुदा इंग्रजीत येतो. सभासदांना मराठी हवं असतं, म्हणून कुणीतरी तो मशीनमध्ये घालून भाषांतर करून आणतं. पटकन होतं, फुकट होतं, आणि दिसायलाही सफाईदार असतं. इंग्रजी करारात मोबदल्याला "कन्सिडरेशन" म्हणतात. मशीनने त्याचा "विचार" केलेला मी स्वतः पाहिला: "विकासक सभासदास खालीलप्रमाणे विचार देईल." "टायटल" म्हणजे मालकी हक्क, त्याचं झालं "शीर्षक". "प्रिमायसेस"चा झाला "परिसर", म्हणजे घर रिकामं करण्याच्या ऐवजी सभासदाने परिसर रिकामा करायचा. "इंटरेस्ट" म्हणजे कुठे व्याज, कुठे हितसंबंध, तिथे सगळीकडे "स्वारस्य". आता यातली पहिली तीन वाचणाऱ्याला खटकतील तरी. खटकत नाहीत त्या चुका जास्त वाईट. एका मसुद्यात "अनलेस" गळला आणि अट उलटी झाली. वाक्य अगदी नीटनेटकं होतं. मूळ इंग्रजी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली म्हणून सापडलं. नवी मुंबईत यात आणखी एक पदर असतो. तिथली जमीन बहुतेक ठिकाणी सिडकोने मुळात ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली आहे. त्यामुळे "जमिनीचे मालक" हे शब्द भाषांतरात सहज घसरत आले तरी ते चुकीचे ठरू शकतात. वाक्य मराठीत चांगलं वाटतंय का, एवढंच पाहून भागत नाही.

जुन्या फाँटचंही तेच. अनेक संस्थांचे वीस वर्षांपूर्वीचे ठराव युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेले आहेत. ते आजच्या संगणकावर बदलून घेताना रफार पुढच्या अक्षरावर जातो, जोडाक्षरं फुटतात, कधीकधी आकडेच बदलतात. अशा कागदावरून नवा मसुदा बनवणार असाल तर मूळ सही-शिक्क्याची प्रत समोर ठेवून आकडे एकेक करून तपासा. दुसरा उपाय नाही.

मग संपादक नेमकं करतो काय? मी काय करते ते सांगते. पहिल्या वाचनात मी कशालाही हात लावत नाही. कागदावर छापून घेते आणि आत्यासारखीच पेन्सिल घेऊन बसते. जिथे अडखळले तिथे फक्त खूण. मग प्रश्नांची यादी करते, आणि ती ज्याने मसुदा लिहिला त्याला पाठवते. वीस पानांच्या मसुद्याला तीस-चाळीस प्रश्न निघतात. उत्तरं आली की शब्दांचा तक्ता: कोणत्या गोष्टीला काय म्हणायचं ते एकदा ठरवलं की पुढे बदलायचं नाही. मग वाक्यं. त्यानंतर आकडे. तक्त्यांच्या बेरजा मी स्वतः करते, तारीख आणि वार जुळतात का ते कॅलेंडर काढून बघते, "परिशिष्ट ३ पाहा" म्हटलंय तिथे परिशिष्ट ३ आहे का ते बघते. या तीन गोष्टींत चूक न निघालेला मसुदा मला क्वचितच मिळालाय. शेवटी मोठ्याने वाचन. एका श्वासात न संपणारं वाक्य तिथे कळतं.

आणि एक काम मी कधीच सोडत नाही. तयार झालेला कागद मसुद्याशी काही संबंध नसलेल्या तिघांना देते, त्यांत एक तरी सत्तरीच्या पुढचं. "कळलं का?" असं मी विचारत नाही, कारण त्याला सगळे हो म्हणतात. मी विचारते, "तुम्हाला आता काय करायचंय, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर काय होईल?" तिघांनी एकच उत्तर दिलं तर कागद तयार. वेगळं दिलं तर चूक कागदाची, त्यांची नव्हे. सोप्या भाषेसाठी २०२३ मध्ये आयएसओ २४४९५-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्यातली कसोटीही साधारण अशीच आहे: वाचणाऱ्याला हवं ते सापडावं, सापडलेलं कळावं, आणि कळलेलं वापरता यावं. त्यात भाषेच्या सौंदर्याचा प्रश्नच येत नाही.

अर्थ मी बदलत नाही. हे मला ठासून सांगायचंय, कारण वकिलांना नेमकी तीच धास्ती असते. जिथे वाक्याचे दोन अर्थ निघतात तिथे योग्य कोणता ते ठरवणं माझं काम नाही. दोन्ही अर्थ लिहून मी वकिलांकडे पाठवते, ते ठरवतात, मग मी वाक्य बांधते. "कायद्याची भाषा अशीच असते" हे मी पुष्कळ ऐकलंय. करार वकिलांच्याच भाषेत राहू दे, माझं काही म्हणणं नाही. पण सभासदाच्या हातात जे पडतं तो करार नसतो, ते त्याचं स्पष्टीकरण असतं. ते करारातल्या कलमांच्याच क्रमाने लिहावं, प्रत्येक परिच्छेदापुढे कलमाचा क्रमांक द्यावा, वकिलांनी ते तपासून खाली सही करावी, आणि दोन्हींत फरक आढळला तर कोणता मजकूर धरायचा ते पहिल्याच पानावर असावं. एवढं केलं तर कायद्याचं काहीही बिघडत नाही.

दुसरी हरकत पैशाची. पुनर्विकास करणारी संस्था प्रकल्प सल्लागार नेमते, आर्किटेक्ट नेमते, वकील नेमते, लेखापरीक्षक तर दरवर्षी लागतोच. यांतल्या प्रत्येकाचं लेखन शेवटी सभासदापर्यंत कागदावरच पोचतं, आणि त्या कागदावर कुणाचीच नेमणूक नसते. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात पुनर्विकासासाठी सभेचं चित्रीकरण, निविदा, लेखी संमती अशी पुष्कळ काळजी घेतलेली आहे. सभेचा व्हिडिओ काढायला आपण माणूस बोलावतो, त्याला पैसे देतो. त्या सभेत लोक ज्यावर मत देणार तो कागद वाचण्याजोगा करायला माणूस बोलावणं हा वायफळ खर्च कसा? अंदाजपत्रकात लेखापरीक्षणाच्या खाली एक ओळ घाला, "कागदपत्रांचं संपादन". रक्कम संस्थेच्या आकाराप्रमाणे ठरवा. मात्र माणूस निवडताना एक पथ्य पाळा: तो विकासकाने सुचवलेला नको, आणि त्याचं त्या इमारतीत घर नको. माझ्या स्वतःच्या इमारतीच्या कागदांचं काम मी घेत नाही.

"वाचतंय कोण?" ही तिसरी हरकत. याला मी फार उत्तर देत नाही. आत्याने तीनदा वाचलं होतं.

ज्या छोट्या संस्थांना, बारा-सोळा घरांच्या, हा खर्च झेपत नाही, त्यांनी आपल्याच इमारतीत शोधावं. प्रत्येक इमारतीत एक तरी निवृत्त शिक्षिका, बँकेतला अधिकारी किंवा जुना कारकून असतो, ज्याला कागद नीट वाचायची सवय असते आणि जो समितीत नसतो. त्यांना मसुदा आदल्या आठवड्यात द्या आणि वर सांगितलेले तीन प्रश्न विचारा. अक्षर १४ पॉइंटचं ठेवा, ओळींमध्ये जागा सोडा. नोटीस बोर्डाच्या काचेतून काढलेला तिरका फोटो व्हॉट्सअॅपवर टाकू नका, मजकूरच टाका म्हणजे वयस्कर माणसाला तो मोठा करून वाचता येतो आणि दिसत नसेल तर फोनकडून वाचून घेता येतो. जिल्ह्याच्या हाउसिंग फेडरेशनलाही माझी विनंती आहे: समिती सदस्यांच्या प्रशिक्षणात हिशेब आणि उपविधी असतात, तसा एक तास नोटीस आणि इतिवृत्त लिहिण्याला द्यावा. मी यायला तयार आहे, मानधन न घेता.

आत्याच्या संस्थेचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. समितीने आर्किटेक्टला गॅलरीचा प्रश्न लेखी विचारला. उत्तर आलं: गॅलरी धरलेली नाही. मग सल्लागार, आर्किटेक्ट आणि मी असे एका रविवारी बसलो आणि अकरा पानांची पाच झाली. पहिल्या पानावर फक्त मापं: आजचं घर आतून किती, गॅलरी किती, वाढ कशावर, नवं घर किती, नव्या बाल्कनीचं काय. प्रत्येक सदनिकेचा आकडा वेगळा लिहून. भाडं किती महिने आणि कोणत्या तारखेपासून, हे दुसऱ्या पानावर. समितीने जुनी संमतीपत्रं बाद ठरवली आणि तसं लेखी कळवलं, याबद्दल त्या सचिवांना आणि अध्यक्षांना मी मनापासून मानते. चाळीस सह्या हातात आलेल्या असताना त्या सोडून देणं सोपं नव्हतं.

त्यानंतरची सभा शांत झाली नाही. गॅलरी धरलेली नाही हे पहिल्यांदाच सगळ्यांना कळलं होतं, आवाज चढले, सभा रात्री अकरापर्यंत चालली. पण सगळे त्याच ५२ फुटांबद्दल भांडत होते. आत्या पाच पानं घेऊन गेली होती. तिच्या प्रतीवर दुसऱ्या पानावर पेन्सिलीने प्रश्न होता: "भाडं घर सोडल्यापासून की करारापासून?" तिने तो उभं राहून विचारला. उत्तर इतिवृत्तात नोंदवलं गेलं, तिच्या नावासकट.

तुमच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायच्या आहेत, आणि नोटीस किमान १४ दिवस आधी लागते. म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस मसुदा तयार हवा. तो बोर्डावर लावण्याच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी एखाद्या वाचणाऱ्याच्या हातात द्या, सोबत एक पेन्सिलही द्या.

आपली,
एक संपादक
नौपाडा, ठाणे पश्चिम